पौषातली ओहोटी आणि मुंबईचे खेकडे

मुंबईत खेकडे बघायला यायचं तर नुसती तारीख बघून भागत नाही, तिथी बघावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. भरती मोठी आणि ओहोटीही तेवढीच खोल. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी धड वर चढत नाही आणि धड खालीही जात नाही. त्यातही हिवाळ्यातली सगळ्यात खोल ओहोटी संध्याकाळी येते, उन्हाळ्यातली पहाटे. म्हणून पौष अमावास्या धरून रजा टाकली आणि वाईहून दादरला दिरांकडे मुक्कामाला आले. मार्गशीर्ष सरला होता, त्यामुळे जाऊबाईंच्या घरात मासेही पुन्हा सुरू झाले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्याकडचा खेकडा ओढ्यातला, दगडाखालचा, पहिल्या पावसात बाहेर पडणारा. तो काय खातो असं वर्गात विचारलं की "काहीही" असं उत्तर येतं. सर्वभक्षी म्हटलं की विषय संपतो, आणि नेमकं तेच मला खटकतं. खेकड्याच्या नांग्या नीट बघितल्या तर त्याचं खाणं बरंचसं कळतं, आणि त्याची लपायची तऱ्हा बघितली तर त्याला कोण खातं तेही कळतं. मुंबईत हे सगळं लोकलच्या एका पासावर बघता येतं. वाळू, खडक आणि चिखल, तिन्ही किनारे एकाच शहरात. सातवीतली पुतणी दप्तर टाकून माझ्याबरोबर निघाली.

चतुर्दशी, वर्सोवा

ओहोटी पाचच्या सुमाराला होती, आम्ही चारलाच पोचलो. पाणी मागे हटून ओली वाळू उघडी पडली होती आणि तिच्यावर बारीक गोळ्यांची नक्षी उमटायला लागली होती. एका बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा चहूबाजूंना पसरलेल्या, मधे एक मोकळी वाट. असं एक ना दोन, नजर जाईल तिथपर्यंत.

हे काम करणारा खेकडा करंगळीच्या नखाएवढा. चार पावलं लांब असलो तरी तो बिळात जातो, म्हणून पुतणी सरळ वाळूवर पालथी पडली आणि हनुवटी हातांवर टेकवून हलेचना. थोड्या वेळाने तो वर आला. दोन्ही नांग्यांनी वाळू उचलायची आणि तोंडाशी न्यायची, एकीनंतर दुसरी, न थांबता. तोंडाजवळच्या बारीक केसांमध्ये वाळू घुसळली जाते. कणांना चिकटलेले सूक्ष्म शैवाल आणि कुजलेल्या पदार्थांचा थर तेवढा तो खातो, आणि धुतलेली वाळू गोळी होऊन तोंडावर साचते. गोळी पुरेशी झाली की नांगीने उचलून मागे टाकायची आणि पुढे सरकायचं. म्हणजे आपण बघतो त्या गोळ्या विष्ठा नव्हेत, चाळून टाकलेली वाळू आहे. पुतणीने एक गोळी बोटावर घेतली, ती लगेच विस्कटली.

ती मोकळी वाट कशासाठी, हेही तिथेच समजलं. किनाऱ्यावर बारके चिखल्या पक्षी धावत होते. चार पावलं पळायचं, थबकायचं, टोच मारायची. पक्षी जवळ आला की खेकडा त्याच वाटेने थेट बिळात शिरतो, वाटेत एकही गोळी आडवी येत नाही. उत्तरेकडून हिवाळ्यात येणाऱ्या या पाखरांना असे खेकडे आणि वाळूतले किडे पोटभर मिळतात, म्हणून ती इथे थांबतात.

साडेसहाच्या सुमाराला सूर्य बुडाला आणि भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत दुसरी जात बाहेर पडली. वाळूच्याच रंगाचा, डोळ्यांच्या देठांवर शिंगासारखी टोकं असलेला, इंग्रजीत ज्याला घोस्ट क्रॅब म्हणतात तो. पळण्यात खेकड्यांमध्ये त्याचा हात कोणी धरत नाही. टॉर्चला लाल कागद लावला होता, त्या उजेडात तो फारसा बिचकत नव्हता. एक खेकडा मेलेल्या बोय माशाच्या पोटावर बसला होता. एका नांगीने धरायचं, दुसरीने खेचायचं, कातडीची चिंधी निघाली की तोंडात. मेलेलं खातो म्हणून त्याला नुसता सफाईवाला समजू नये. तो शिंपले उकरतो, लहान खेकडे मारतो, आपल्याच जातीची पिल्लंही सोडत नाही.

आणि कासवाची अंडी खातो. याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची ऐंशीएक पिल्लं समुद्राकडे गेली. अफरोज शाह यांनी २०१५ पासून लोकांना बरोबर घेऊन हा किनारा उपसला नसता, तर ती मादी इथे वर चढलीच नसती असं मला वाटतं. घरट्यातलं अंडं आणि पाण्याकडे धावणारं पिल्लू, दोन्ही या खेकड्याच्या तावडीत सापडतात. काहींना ऐकून वाईट वाटतं. पण कासवं आणि हे खेकडे हजारो वर्षं एकाच वाळूत राहत आले आहेत आणि कासवं टिकली आहेत. भटकी कुत्री आणि प्लॅस्टिक ही भर अलीकडची, आणि तीच जड जाते.

या खेकड्याला खाणारे म्हणजे दिवसा घार आणि कावळा, रात्री रातबगळा आणि कुत्रा. म्हणून त्याचं बीळ खोल, आणि दिवसाचा मोठा भाग तो आतच काढतो. पुतणीने विचारलं, "काकू, त्याला दात असतात?" असतात, आणि ते पोटात असतात. खेकड्याच्या जठरात तीन दात असतात, एक वरून आणि दोन बाजूंनी, आणि गिळलेलं अन्न तिथे दळलं जातं. अटलांटिकच्या घोस्ट क्रॅबवर २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. समोर धोका आला की तो हेच पोटातले दात घासून गुरगुरतो असं त्यात दिसून आलं. नांग्या लढायला उगारलेल्या असतात, आवाज पोटातून काढायचा.

अमावास्या, वरळी कोळीवाडा

आज ओहोटी पावणेसहाच्या आसपास, कालच्यापेक्षा खोल. कोळीवाड्याच्या बोळांतून, वाळत टाकलेल्या बोंबलांच्या काठ्या डावीकडे ठेवत किल्ल्याशी आलो. खाली काळा खडक उघडा पडला होता, समोर सी लिंक. खडकावर कालवं फोडणाऱ्या दोन बायका बसल्या होत्या.

इथला पहिला खेकडा दिसायच्या आधी पळतो. चपटा, पाय लांब आणि टोकदार, उभ्या खडकावरून लाटेच्या फेसातही सुटत नाही. त्याच्या नांग्या लहान आणि टोकाशी चमच्यासारख्या खोलगट. खडकावरचं हिरवं शेवाळ खरवडायला नेमक्या अशाच लागतात. अधूनमधून तो बारीकसारीक जीवही खातो, पण मुख्य चारा शेवाळाचा. पाण्याच्या कडेला एक राखाडी समुद्र बगळा मान आखडून उभा होता, आणि त्याच्या बाजूच्या खडकावर एकही खेकडा नव्हता. वरून बगळा, खाली पाण्यात वाम आणि ऑक्टोपस. म्हणून हा खेकडा दोघांच्या मधल्या पट्ट्यात, लाट जिथे फुटते तिथे वावरतो. ऑक्टोपस बिळातून हात टाकून खेकड्याला ओढून घेतो आणि विषारी लाळेने लुळा करतो, मग कवच रिकामं करून बिळाच्या दाराशी टाकतो. दाराशी कवचांचा ढीग दिसला की आत कोण राहतं ते समजावं.

दगड उलटल्यावर दुसरी दुनिया. जाड कवचाचा, संथ, नांग्यांची बोटं काळी असलेला खेकडा. मी पुढे वाकले तशी कालवं फोडणाऱ्या मावशींनी हटकलं. "त्याला हात लावू नको बाय, बोट धरलं का सोडायचा नाय." कालवं त्या फोडतात तशी हाही फोडतो, म्हणून त्यांना तो चांगला माहीत आहे. त्याची एक नांगी दुसरीपेक्षा जाड असते आणि तिच्या आतल्या कडेला बोथट दाढा असतात. शंखाची कड चिमटीत धरायची, दाबायची, तुकडा उडाला की पुढचा. शंख थेट फुटला नाही तर कडेकडेने सोलत आत पोचायचं.

सोललेल्या शंखांचे तुकडे तिथेच पडले होते. पण मला जास्त मोलाचा वाटला तो एक जिवंत शंख. नखाएवढी काळी-पांढरी गोगलगाय, आणि तिच्या शंखावर आडवी, दातेरी, ओबडधोबड रेघ. रेघेच्या एका बाजूला जुना शंख, दुसऱ्या बाजूला नवा, रंगाचे पट्टे दोन्हीकडे जुळत नव्हते. कोण्या खेकड्याने कड फोडली होती, हिने अंग आत ओढून घेतलं, जीव वाचला आणि पुढे तिथूनच नवा शंख बांधला. पुतणीने तिचा फोटो काढला आणि ती होती त्याच खाचेत परत ठेवली. दगडही आम्ही होते तसे पालथे घातले. उलटा राहिलेला दगड म्हणजे त्याच्याखालच्या सगळ्यांचं मरण.

गोगलगायी नुसत्या दुरुस्त्या करत बसत नाहीत. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर एक हिरवा खेकडा आहे. शिंपले-गोगलगायी हे त्याचं आवडतं खाणं, आणि तिथे त्याला कुरव, मोठे मासे, पाणमांजरं खातात. जहाजांबरोबर तो अमेरिकेत गेला. पूर्व किनाऱ्यावर १८१७ मध्ये त्याची नोंद आहे, पुढे १९८९ च्या सुमाराला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत सापडला. मेन राज्यातल्या शिंपल्यांच्या धंद्याचं त्याने मोठं नुकसान केलं. त्या किनाऱ्यावरच्या गोगलगायी आणि शिंपले पाण्यात या खेकड्याचा नुसता वास आला तरी कवच जाड करत नेतात, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जाड कवच म्हणजे वाढ मंद, अंगात मांस कमी. न खाताही खेकडा समोरच्याचं शरीर बदलतो. वर्गात सांगायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

दगडाखाली एक चपटा, गुळगुळीत, लहानसा प्राणी होता, पोर्सेलीन क्रॅब. नांग्या अंगाच्या मानाने केवढ्या, पण खाण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. तोंडाजवळचे केसाळ पंखे पाण्यात हलवून तो वाहते कण गाळून खातो. पकडला की नांगी तिथेच सोडून पळतो, पुढच्या काती टाकण्यांमध्ये ती पुन्हा उगवते.

साडेसहानंतर थांबलो नाही. खडकावर अंधार आणि वाढतं पाणी एकत्र येऊ देऊ नये.

प्रतिपदा, शिवडी

आज सकाळची वेळ धरली. सहानंतर भरती लागलेली, दुपारी पाऊणच्या सुमाराला पाणी भरणार. जेट्टीवर पोचलो तेव्हा बराच चिखल अजून उघडा होता. लोक इथे फ्लेमिंगोंसाठी येतात, तेही लांब रांगेने होते. बाजूला अटल सेतू, मागे तेलाच्या टाक्या. आम्ही दोघी मात्र खाली जवळच्या चिखलाकडे बघत उभ्या.

फिडलर खेकड्याच्या नराची एक नांगी अंगाएवढी मोठी. ती तो वर-खाली हलवत राहतो, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दम द्यायला. जेवायला ती कुचकामी. मादीला चिखल उचलायला दोन्ही नांग्या, नराला एकच लहान. त्यामुळे तेवढंच पोट भरायला त्याला जास्त वेळ उघड्यावर काढावा लागतो, किंवा हात भराभर चालवावा लागतो. आणि उघड्यावर असणं म्हणजे दिसणं. खातो तो वर्सोव्याच्या खेकड्यासारखंच, फक्त वाळूऐवजी चिखल. कल्ल्यांतलं पाणी तोंडात आणून तो चिखल धुतो, हलके कण वर तरंगतात, ते खातो.

मग कर्ल्यू आला. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा, हिवाळी पाहुणा. चिखलात चालता चालता त्याने चोच एका बिळात मुळापर्यंत घातली, मान तिरकी केली आणि खेकडा बाहेर काढला. गिळला नाही. पाय धरून झटका दिला, खेकडा चिखलात आपटला, पाय चोचीत राहिला. तो टाकला, पुन्हा उचललं, पुन्हा झटकलं. एकेक करून पाय गेले आणि नांगी गेली, मग उरलेलं अंग त्याने चोचीच्या टोकावरून मागे सरकवून गिळलं. इतक्या लांब चोचीतून ते खाली जाताना स्पष्ट दिसलं. पुतणीने दुर्बीण खाली केलीच नाही.

धोक्याच्या वेळी खेकडा स्वतःच पाय तोडतो, शत्रूच्या हाती पाय देऊन जीव घेऊन पळायला. कर्ल्यूपुढे त्या युक्तीचा उपयोग होत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.

तिवरांच्या कडेला आणखी एक जात, चौकोनी पाठीची. ती गळलेली पानं ओढून बिळात नेते आणि खाते. पान तिथे पडून राहिलं असतं तर भरतीने समुद्रात नेलं असतं. खेकड्याने ते जागीच ठेवलं, चावून बारीक केलं, त्यावर पुढे जिवाणू आणि किडे पोसले. बिळांमुळे त्या काळ्या, गुदमरलेल्या चिखलात हवा आणि पाणी खेळतं. म्हणून "चिखलच आहे, भराव घाला" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये खाडी रामसर यादीत गेली, ती याच चिखलाच्या जिवावर.

इथल्या खेकड्यांच्या मागे पक्ष्यांशिवायही बरेच आहेत. खंड्या, ब्राह्मणी घार, भरतीबरोबर आत शिरणारे मासे, कांदळवनात राहणारे कोल्हे. शिवाय गेरार्डा नावाचा खाडीतला एक साप, जो मला फार विलक्षण वाटतो. साप भक्ष्य अख्खं गिळतात असं आपण शिकवतो. हा नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा धरतो, वेटोळ्यातून ओढून त्याचे तुकडे करतो आणि तुकडे खातो. त्याच्या तोंडात मावणार नाही एवढा खेकडाही तो असा संपवतो. खेकड्याच्या आयुष्यात कात टाकल्यानंतरचे काही तास किती धोक्याचे असतात ते यावरून समजावं. सिंगापूरमध्ये हे प्रथम नीट पाहिलं गेलं, पण हा साप आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांतही आहे.

जेट्टीवर एक काका फग, म्हणजे खेकडे धरायची जाळी, घेऊन बसले होते. जाळीच्या मधोमध कोंबडीचे टाकाऊ तुकडे बांधलेले. "वास लागला का चिंबोरी येतेच," म्हणाले. लांबचा वास पाण्यातून ओळखून येणं हेच तिचं बळ, आणि त्यातच ती सापडते.

द्वितीया, ससून डॉक आणि दादर

पहाटे पाचला कुलाब्याला, बरोबर दीर. १८७५ मध्ये बांधलेली ही गोदी, लिलावाचा गलका, पायाखाली बर्फाचं पाणी. खेकड्यांच्या टोपल्यांत पाठीवर तीन लाल ठिपक्यांचा होता, क्रॉसच्या खुणेचा होता, निळसर होता. तिघांचेही मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे. हे पोहणारे, त्यांच्या नांग्या लांब आणि धारदार, झडप घालायच्या.

खाडीतली चिंबोरी मात्र आम्ही दादरला घेतली, सुतळीने बांधलेली. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अवसेची हाय, भरलेली." पौर्णिमेची चिंबोरी पोकळ, अमावास्येची भरलेली, हे सगळ्या किनाऱ्यावर मानतात. पोकळ असण्याचं कारण कात. जुनं कवच टाकल्यावर अंगात पाणी भरून ती फुगते आणि नवं कवच मांसाने भरायला दिवस लागतात. मावशींनी तिथी सांगितली खरी, पण प्रत्येक चिंबोरी पोटाकडून अंगठ्याने दाबूनच दिली, आणि माझा विश्वास त्या अंगठ्यावर जास्त आहे. लाखेने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मादी मी घेतली नाही. तिच्या पोटाखाली लाखो अंडी मावतात. त्यातून निघालेली पिल्लं आधी समुद्रात तरंगत राहतात आणि बहुतेक सगळी माशांच्या आणि जेलीफिशच्या पोटात जातात. खाडीत परतणारी फार थोडी.

स्वयंपाकघरात जाऊबाईंनी डेंगे, म्हणजे मोठ्या नांग्या, वेगळे केले, बारके पाय रसासाठी ठेचायला काढले. डेंगे मी आधी हातात घेतले. एक जाड, आत बोथट दाढा, शिंपले फोडायला. दुसरा जरा बारीक, कड धारेची, कापायला. चिंबोरी मुख्यतः शिंपले, गोगलगायी आणि लहान खेकडे खाते. चपळ मासा तिला क्वचितच सापडतो.

पाठ उचलल्यावर डोळ्यांच्या मागे जी पिशवी असते ती सगळे फेकतात. ती मी मागून घेतली आणि बशीत कात्रीने उघडली. तपकिरी रंगाचे तीन दात, वरचा एक आणि बाजूचे दोन, दाबले की एकमेकांवर बसतात. मऊ अन्न काही तासांत पुढे सरकतं, टणक तुकडे दिवसच्या दिवस रेंगाळतात. तसेच इथे होते. शिंपल्याच्या पांढऱ्या ठिकऱ्या, आणि तांदळाच्या कणीएवढं एक नांगीचं टोक. पुतणीने ते भिंगाखाली धरलं, तिला ते फिडलरच्या लहान नांगीसारखं खोलगट दिसलं. मलाही तसंच वाटलं.

दात स्पिरिटच्या बाटलीत वाईला येणार आहेत, आमच्या आठवीच्या वर्गासाठी. रस्सा दुपारी झाला. मे महिन्यातली अमावास्या बघून ठेवली आहे. तेव्हा खोल ओहोटी पहाटे असेल, हाजी अलीच्या खडकांवर ऑक्टोपसच्या दाराशी कोणकोणत्या खेकड्यांची कवचं पडतात ते बघायचं आहे. पुतणीची परीक्षा तोवर झालेली असेल.